तीन जुळली पाहिजेत

श्यामला गेल्याचं कळलं तेव्हा माझा हात ब्युरेटच्या नळावर होता.

सकाळचे अकरा वाजले होते. जवसाच्या तेलात आम्ल किती आहे ते मी ब्युरेटच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडून मोजत होतो. आमचा कारखाना रंगाचा, त्यामुळे प्रयोगशाळेत हे रोजचंच काम. घोषबाबू दारात येऊन उभे राहिले. ते आमचे मुख्य केमिस्ट. एरवी कधी दारात थांबत नाहीत, सरळ आत येतात. म्हणाले, "दिगंबर, हॉस्पिटलमधून फोन होता." मला कळलं.

तरी मी नळ सोडला नाही. आणखी दोन थेंब टाकले, फ्लास्क हलवला. फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला. नळ बंद केला. वहीत आकडा लिहिला, अठरा पूर्णांक चार. मग चपला घातल्या.

कुणीतरी नंतर म्हणालं, दगड आहे हा माणूस. म्हणू दे. रीडिंग अर्धं टाकून उठायचं नाही, हे मला तिनेच शिकवलं होतं. ती तिथे असती तर म्हणाली असती, "आकडा लिहिलात ना? मग चला."

याला आता सात महिने झाले. रडायचं ते रडून झालं. आज मला तिची गोष्ट सांगायची आहे, आणि ती रडकी नाही.

एकोणीसशे सत्तर साल. माझे मामा बँकेत होते. त्यांची कलकत्त्याला बदली झाली तेव्हा मॅट्रिक होऊन गावी, जतला, नुसत्या बसलेल्या मला त्यांनी बरोबर आणलं आणि सोदपूरच्या या कारखान्यात चिकटवलं. काम प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुण्याचं, तेही तात्पुरतं. एक दिवस घोषबाबू म्हणाले, "सहायकाची एक जागा आहे. जानेवारीत मी परीक्षा घेईन. केमिस्ट्री, फिजिक्स आणि प्रॅक्टिकल, सगळं इंग्रजीत. पास झालास तर जागा तुझी. नाहीतर मार्चअखेर बाटल्याही संपल्या."

मी मराठी शाळेतला. वर मामांची पुढची बदली एप्रिलमध्ये ठरलेली. नापास झालो की सरळ जतची गाडी.

रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या वाचनालयात गेलो. टेबलामागे एक मुलगी रजिस्टरवर रेघा मारत बसली होती. तिच्या बोटांवर तपकिरी डाग होते, प्रयोगशाळेत पडतात तसे. माझ्याही बोटांवर तसेच होते. तिने माझ्या बोटांकडे पाहिलं, मी तिच्या...

"भौतिकशास्त्राचं पुस्तक आहे का?" मी विचारलं.

"कसला?"

"भौतिक... म्हणजे फिजिक्स. मराठीतून."

"कादंबऱ्या आहेत. लोणच्यांचा एक पुस्तक आहे. चालेल?"

"लोणच्यांचं म्हणतात. लोणच्यांचा नाही."

"तेच ते." तिने माझ्या हातातलं इंग्रजी पुस्तक ओढून घेतलं आणि उघडलं. "ॲसिड म्हणजे काय, सांगा."

"आम्ल."

"आणि आम्ल म्हणजे?"

मी बराच विचार केला. "ॲसिड."

ती इतकी हसली की पलीकडे वर्तमानपत्र वाचणाऱ्या काकांनी चष्मा काढला.

ही श्यामला. तिचा जन्म कलकत्त्यातला, वडील सदाशिवराव सियालदहला रेल्वेच्या ऑफिसात. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, पण शहरात रोज दंगे, कॉलेज आठवडाभर चालू की महिनाभर बंद. घरी बसून कंटाळली होती. तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ती मला विज्ञान शिकवणार, मी तिचं मराठी सुधारणार. तिचे वडील तिला मराठी घरात द्यायचं म्हणत होते आणि तिच्या मराठीची त्यांना काळजी होती.

सदाशिवरावांनी परवानगी दिली ती ऑर्डर काढल्यासारखी. "रविवारी नऊ ते अकरा. बाहेरच्या खोलीत. मधलं दार उघडं."

डमडमच्या त्यांच्या घरात बाहेरच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि वर करकरणारा पंखा. आतल्या खोलीत सदाशिवराव वर्तमानपत्र घेऊन बसत. आमच्या खोलीत शांतता झाली की आतून खोकला येई. अगदी नेमाने. म्हणून श्यामला म्हणायची, "मोठ्याने उत्तरं द्या. बाबांची प्रकृती जपायला हवी."

एकदा मध्येच वीज गेली. पंखा हळूहळू फिरत राहिला. मी वर बघत बसलो.

"काय बघताय? सांगा, वीज गेली तरी पंखा लगेच का थांबत नाही?"

"जडत्व."

"इंग्रजीत."

"इनर्शिया. फिरणारी वस्तू फिरत राहू पाहते."

"आणि बसलेली वस्तू?"

"बसून राहू पाहते."

"म्हणजे तुम्ही," ती म्हणाली. "अकरा वाजून वीस मिनिटं झालीत."

आतून खोकला.

पुस्तकातलं मला पाठ व्हायचं, पण डोळ्यासमोर काही यायचं नाही. इंडिकेटरचा धडा मी चार वेळा वाचला. पाचव्या वेळी तिने पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात गेली. वाटीभर चुन्याची निवळी, चिमूटभर हळद, पिळलेलं लिंबू आणि आजीच्या डोळ्यांच्या औषधाचा ड्रॉपर घेऊन आली. निवळीत हळद घातली. पाणी लालभडक झालं.

"हा तुमचा अल्कली. हळद सांगते की तो आहे. आता लिंबू टाका. एकेक थेंब. मोजा."

मी मोजू लागलो. तिची आई तिकडून जाताना थबकली. "अगं, हळद आणि चुना? कुंकवाची तयारी चाललीय की काय?"

श्यामलाने मान खाली घातली. मी थेंब मोजायला विसरलो. आतून दोनदा खोकला आला.

"किती झाले?" तिने वर न बघता विचारलं.

"सव्वीस... बहुतेक."

"बहुतेक चालत नाही. आणि पहिलं तसंही कच्चं, अंदाजापुरतं. वाटी धुवा, नव्याने निवळी घ्या. तीन वेळा करायचं. तिन्ही जुळली तर खरं."

दुसऱ्या खेपेला बाविसाव्या थेंबाला लाल जाऊन पिवळं झालं. पुन्हा केलं, पुन्हा बावीस.

"तिसऱ्यांदाही बावीसच येणार," मी म्हणालो. "लिहून टाकतो."

तिने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. तेव्हा पहिल्यांदा तिचं बोट माझ्या बोटाला लागलं. "न घेता लिहिलेलं रीडिंग म्हणजे खोटं बोलणं. जे घेतलंय तेच लिहायचं."

मी तिसऱ्यांदा केलं. बावीसच आले. पण ते बावीस माझे होते.

जानेवारीत परीक्षेच्या आदल्या दिवशी कामगारांनी घेराव घातला. मॅनेजरच्या खोलीत घोषबाबूही अडकले. दोन दिवस तिथेच, प्रश्नपत्रिका कोटाच्या खिशात. मी कपबश्या घेऊन आत गेलो तेव्हा हळूच म्हणाले, "बघू नकोस हं माझ्या खिशाकडे." परीक्षा फेब्रुवारीत गेली. फेब्रुवारीत बंद होता, गाड्याच नव्हत्या, म्हणून ती मार्चच्या शेवटच्या शनिवारवर गेली.

प्रत्येक वेळी मी डमडमला जाऊन तोंड पाडून सांगायचो, "पुढे गेली."

"अरेरे," ती म्हणायची. "मग पुन्हा पहिल्यापासून उजळणी." आणि असं म्हणताना ती पदराने तोंड पुसायची. सर्दी झाली असेल, असं मला वाटे. ती हसू लपवत होती हे तिने मला लग्नानंतर सांगितलं.

त्या घेरावाचे आणि त्या बंदचे माझ्यावर उपकार आहेत. लोकांना त्या दिवसांनी काय काय दिलं आणि काय काय नेलं, मला माहीत आहे. मला त्यांनी बारा रविवार दिले.

परीक्षेच्या आदल्या शुक्रवारी कामावरून परतताना मी डमडमला उतरलो. उष्णतेच्या धड्यातल्या दोन शंका होत्या. खरं तर एकच होती. निघताना श्यामला म्हणाली, "बाबा, मी यांना स्टेशनपर्यंत सोडते. वाटेत फिजिक्सचे लॉ विचारते." खोकला आला नाही. मला वाटतं, ते त्या माणसाचं मोठेपण होतं.

फलाटावर आम्ही मातीच्या भांड्यातून चहा घेतला. तिने विचारलं, "माठातलं पाणी गार का होतं?" मी सांगितलं, पाणी पाझरतं, वाफ होतं, आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. तिने मान हलवली. सियालदहची गाडी आली आणि मला न घेता गेली.

"उद्या नापास झालो तर मी जतला जाणार," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"म्हणून आजच सांगतो. मला तुम्ही आवडता. फार."

एवढंच बोलता आलं. ती भांड्याकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. ते कशाचं इंडिकेटर आहे, तेवढी केमिस्ट्री मला तोवर येत होती.

"हे एक रीडिंग झालं," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे?"

"एका रीडिंगवर कुणी रिपोर्ट लिहीत नाही. तीन लागतात. आणि तिन्ही जुळली पाहिजेत."

"मला तुम्ही —"

"लगेच नाही! लगेच म्हटलेलं म्हणजे पहिल्याचीच नक्कल. भांडं धुवायचं. नव्याने घ्यायचं."

"पहिलं कच्चं धरलंत तर चार होतील."

"कच्चं नव्हतं," ती म्हणाली... आणि रिकामं भांडं रुळांवर टाकून भराभर जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी लेखी बरं गेलं. प्रॅक्टिकलला पहिलं रीडिंग कच्चं म्हणून सोडलं. मग चौदा पूर्णांक सहा आलं. पुन्हा चौदा पूर्णांक सहा. तिसऱ्याला नळ जरा उशिरा बंद केला आणि पंधरा पूर्णांक एक. वेळ संपायला पाच मिनिटं उरली होती. पेन हातात होतं. चौदा पूर्णांक सहा लिहायला क्षणभरही लागला नसता. त्या क्षणावर माझी नोकरी होती, हे शहर होतं, डमडमचं ते टेबल होतं.

मी पंधरा पूर्णांक एक लिहिलं. मग उठून फ्लास्क धुतला.

"वेळ झाली," घोषबाबू म्हणाले.

"सर, तिसरं जुळलं नाही. पुन्हा घेतो. मार्क कापा."

त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. मी पुन्हा घेतलं. चौदा पूर्णांक सहा. त्यांनी माझी वही पाहिली, त्या पंधरा पूर्णांक एकवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?"

"डमडमला एक... शिक्षिका आहेत."

"त्यांना माझा नमस्कार सांग," ते म्हणाले. "आणि सोमवारपासून बाटल्या धुवायच्या नाहीत."

मामा बदलीवर जायच्या आधी रीतसर बघण्याचा कार्यक्रम झाला. पाच महिने दर रविवारी जिच्यासमोर बसलो, तिला बघायला मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. तिने पोहे आणले आणि आत गेली. सदाशिवराव गंभीरपणे म्हणाले, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा."

"नेहमी तीच मला विचारते," मी म्हणालो. मामा पोह्यांच्या बशीत तोंड घालून हसले.

"मग मुलगी पसंत आहे का?"

"मला ती आवडते," मी म्हणालो. "फार."

मोठ्या माणसांसमोर इतकं स्पष्ट कुणी बोलत नसे. खोली गप्प झाली. आणि सदाशिवराव, सवयीने, खोकले. मधल्या दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला. दोन बोटं वर केलेली. दोन.

आठ वर्षं संसार केला. बराकपूरला दोन खोल्या. ती मुलींच्या शाळेत रसायन शिकवायची. सकाळी एकाच गाडीने निघायचो. मी सोदपूरला उतरायचो, ती डमडमला. तिचं मराठी सुधारलं नाही, माझं इंग्रजीही नाही. फार सुखात होतो. मधूनमधून, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, ती म्हणायची, "अहो, अजून दोनच झालीत हं."

"रिपोर्ट केव्हाच गेला," मी म्हणायचो. "लग्न झालं की!"

"दोन रीडिंगवर झालं. माझी चूक."

मी हसायचो. मनात म्हणायचो, सांगू कधीतरी, चांगला दिवस बघून. पुष्कळ दिवस चांगले होते, म्हणून कुठलाच निवडला नाही.

कावीळ झाली आणि ती अकरा दिवस हॉस्पिटलात होती. दहाव्या दिवशी संध्याकाळी भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. आजूबाजूच्या खाटांजवळ बसलेली माणसं उठत होती, आया सगळ्यांना बाहेर काढत होती. श्यामलाला बोलवत नव्हतं. तिने चादरीवरून हात उचलला आणि माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली. डोळ्यांत तेच हसू, फलाटावरचं.

मला कळलं होतं. पण इतक्या लोकांत... मी तिचा हात खाली ठेवला आणि म्हणालो, "उद्या."

मी तक्रार करत नाही. बाटल्या धुणाऱ्या पोराला एवढं मिळालं. घोषबाबूंनी घड्याळ खिशात ठेवलं, सदाशिवराव एका शुक्रवारी खोकले नाहीत, आणि एका मुलीने मला खरं मोजायला शिकवलं. या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

परवा तिच्या वहीच्या मागच्या पानावर मी ते वाक्य लिहून बघितलं. मग खोडलं. न घेता लिहिलेलं चालत नाही.

दोन झाली. तिसरं राहिलं आहे.