चपलांची ओळ

ही घटना खरी आहे. माझ्या सांगण्यात काही चूक झाली असेल, तर ती माझी. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो कोंडीबा खोटं बोलणारा माणूस नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. पावसाळा नुकताच सरला होता. सोलापुरातला एक सरकारी दवाखाना. वेळ रात्रीची नव्हती... सकाळचे सहा.

कोंडीबा सांगोल्याकडचा मेंढपाळ. त्याची बायको बजाबाई, हिला घशाचा कॅन्सर. डॉक्टरांनी पंचवीस शेक सांगितले होते. मशिनीतून किरणं देतात, त्याला तिथले पेशंट शेकच म्हणतात. बजाबाईच्या गळ्यावर शाईच्या निळ्या खुणा होत्या. "मध्ये खाडा करू नका," डॉक्टरांनी बजावलं होतं. "खाडा पडला की रोग वर डोकं काढतो."

म्हणून कोंडीबा रोज पहाटे येऊन नंबर धरायचा.

नंबर धरायची तिथली एक रीत होती. आजारी माणसाला तासन्‌तास उभं राहवत नाही. म्हणून पेशंटच्या चपला ओळीत ठेवायच्या आणि भिंतीला टेकून बसायचं. दुसऱ्याच्या चपलेला कुणी हात लावायचा नाही. आणि नाव पुकारल्यावर माणूस जागेवर नसेल, तर शेजाऱ्यानं ओरडायचं, "हाय, येत्यात!" नाहीतर नाव खाली जायचं.

बजाबाईच्या पुढं रोज एकच जोड असायचा. टायरच्या चपला, डाव्या अंगठ्याला लाल दोरा. मंद्रूपच्या गौरम्माचा.

गौरम्मा बजाबाईला 'तंगी' म्हणायची. कानडीत धाकटी बहीण.

"तंगी, तू जा, च्या पिऊन ये. तुजा नंबर मी धरते." मग कोंडीबाकडं बघून, "तुजा नवरा मेंढरं राखतो का चपला गं?"

बजाबाईला बोलताना दुखायचं, तरी ती हसायची. दवाखान्यात ती हसायची ती तेवढीच.

एका सोमवारी गौरम्मा आली नाही.

चपला मात्र होत्या.

मंगळवारीही तसंच. लाल दोरा, तीच जागा... बजाबाईच्या पुढं. कोंडीबाला वाटलं, बाई आत कुठंतरी पडून असेल.

बुधवारी शिपाई महेश्वर यादी घेऊन दारात आला.

"गौरम्मा!"

त्यानं यादीत पाहून पुन्हा पुकारलं.

"गौरम्मा, मंद्रूप! हायत का न्हाईत?"

बिचारीचा खाडा पडायला नको. कोंडीबा ओरडला, "हाय, येत्यात!"

महेश्वरनं यादीवर खूण केली. "मामा, चपला लावता तशी माणसंबी लावा की ओळीत!"

लोक हसले.

थोड्या वेळानं एक तरणा माणूस आला. डोक्याचे केस काढलेले. गौरम्माचा मुलगा, नंदीश. आईचे कागद मागायला आला होता.

"आई रविवारी सकाळी गेली," तो म्हणाला.

कोंडीबा उठून उभा राहिला. "आन् मग... चपला?"

"कसल्या चपला?"

"त्यांच्या. लाल दोऱ्याच्या. हितं हायत की तीन दिस."

नंदीश त्याच्याकडं बघतच राहिला. "मामा, त्या चपला मी माती देताना आईच्या पायाशी ठेवल्या. माज्या हातानं."

दोघांनी ओळीकडं पाहिलं.

बजाबाईच्या चपलांपुढं जागा रिकामी होती.

फरशी नुकतीच पुसलेली, सगळी ओली. फक्त त्या जागी... दोन पावलांएवढे कोरडे डाग.

कोंडीबानं बायकोला यातलं काही सांगितलं नाही. तिला शेक पुरे करायचे होते. गौरम्मा गावी गेली, एवढंच तो म्हणाला. पुढं त्या चपला दिसल्या नाहीत. एक एक दिवस गेला आणि पंचविसावा शेक आला.

शेवटच्या दिवशी बजाबाई चूळ भरायला नळावर गेली. नेमकं तेव्हाच महेश्वरनं पुकारलं.

"बजाबाई!"

कोंडीबानं तोंड उघडलं. शब्द निघायच्या आत त्याच्या पाठीमागून आवाज आला...

"हाय. येती तंगी."

महेश्वरनं खूण केली आणि तो आत वळला.

कोंडीबानं मागं पाहिलं. मागं भिंत होती.

"महेश्वर, कोण बोललं रं आत्ता?"

"तुमीच की, मामा!"

बजाबाई बरी झाली. डॉक्टर म्हणाले, गाठ दिसत नाही. घरी आल्यावर ती भाकरी कुस्करून खाऊ लागली. कोंडीबाही सगळं विसरत चालला होता.

मग थंडीत एका सकाळी मेंढरं वाड्यातून बाहेर पडेनात. कोंडीबा दार उघडून अंगणात गेला. परत वळताना उंबऱ्याकडं त्याची नजर गेली...

टायरच्या चपला. लाल दोरा.

आणि त्यांच्या मागं, अगदी चिकटून, बजाबाईच्या चपला. रोज त्या आत चुलीपाशी असतात. दोन्ही जोडांची तोंडं बाहेर, वाटेकडं.

कोंडीबानं बायकोच्या चपला छातीशी धरल्या आणि आत नेल्या. दुसऱ्या जोडाला त्यानं हात लावला नाही. रीत तो तिथंही पाळून बसला. पुन्हा बाहेर आला तेव्हा उंबऱ्यात काही नव्हतं.

तो आता त्या बुधवारचाच विचार करतो. गेलेल्या बाईच्या नावानं 'येत्यात' म्हणाला, तो तोच. त्या बाईनं फक्त परतफेड केली का? आणि नंबर धरलाय तर कशाचा?



रोज संध्याकाळी तो बजाबाईच्या चपला कणगीत, ज्वारीखाली लपवतो. तिला कारण माहीत नाही. दवाखान्यातलंही नाही, उंबऱ्यातलंही नाही.

गेल्या आठवड्यात ती भल्या सकाळी उठून घरभर शोधत होती.

"आवं, माज्या चपला कुटं ठिवल्या?"

"कशाला गं? कुटं जायचंय?"

ती थांबली. तिलाही ते नीट आठवेना.

"कुटं न्हाय की," ती म्हणाली. "पर पुढचा नंबर माजाच हाय न्हवं..."