राउदेलला घेऊ नका

"त्या राउदेलचं तर नावच काढू नका!" इदानिया म्हणाली, आणि तिच्या पाठीमागून कुणीतरी हळूच विचारलं, "का बरं?"

तिने वळून पाहिलं. उंच, सावळा, टोपी भुवयांपर्यंत ओढलेला एक तरुण उभा होता. डोळे हसरे. हे डोळे कुठेतरी... पण वाद रंगात आला असताना कुणाचे डोळे आठवत बसायला तिला सवड नव्हती.

हवानाच्या पार्के सेन्ट्राल या बागेत झाडांच्या सावलीत बेसबॉलवर भांडणाऱ्यांचा घोळका रोजचाच. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, आता डोकी फुटणार. जवळ गेलं की कळावं, वाद एका कॅचरच्या गुडघ्यावरून चाललाय. आठ वर्षांपूर्वी इदानिया तिथे पहिल्यांदा बोलली तेव्हा सगळे हसले होते. आता ती बोलू लागली की बाकीचे थांबत. सकाळी पॉलिक्लिनिकात ती तापाच्या रुग्णांचे आकडे जुळवी, आणि दुपारी इथे पिचरांचे.

त्या आठवड्यात तर बाग नुसती पेटली होती. पहिली फेरी संपली होती. बाद झालेल्या संघांतले चांगले खेळाडू आता उरलेल्या संघांनी वाटून घ्यायचे, आणि ती निवड शनिवारी होती. हवानाच्या निळ्या संघाने कुणाला घ्यावं, यावर दोन माणसांचं एकमत नव्हतं.

"का म्हणजे?" इदानिया त्या तरुणाला म्हणाली. "ग्वान्तानामोचा तो राउदेल दर इनिंगला दीड-दोन बॅटर बेसवर पोहोचवतो. स्वतःच्या बळावर बाद करतो जेमतेम अर्धा. असा पिचर संघात घ्यायचा की त्याची पूजा मांडायची?"

घोळका हसला. तोही हसला.

"त्याची आई तर म्हणते, फार गुणी आहे."

"मग आईच्या संघात खेळू दे त्याला!"

"बरं," तो कान खाजवत म्हणाला, "पण एक सांगा. त्याचे चेंडू लोक उंच मारतात की जमिनीवर?"

"जमिनीवर. बहुतेक जमिनीवरच."

"आणि ग्वान्तानामोचे पोरगे खाली वाकतात का?"

इदानियाने तो आकडा कधी काढलाच नव्हता. तिला वाद हरायचा राग नव्हता. आपण एखादा प्रश्न विचारायला विसरलो, याचा मात्र फार राग होता. "उद्या सांगते," ती म्हणाली. आणि मग, कसं कोण जाणे, "उद्या येणार ना?"

"आता यावंच लागेल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आधीच येऊन बसला होता. बोचरा उत्तरेचा वारा सुटला होता आणि लॉरेलची पानं फरसबंदीवर सरपटत होती. इदानियाने शेंगदाण्यांची कागदी पुडी त्याच्यापुढे धरली.

"तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "त्याचा चेंडू शेवटच्या क्षणी खाली बसतो. दुसऱ्या संघातल्या क्षेत्ररक्षकांनी जे सहज उचलले असते, ते ग्वान्तानामोच्या मंडळींनी पायांमधून जाऊ दिले. दोष पिचरचा नाही. सगळा नाही."

"सगळा नाही!" तो खूश झाला. "म्हणजे थोडा आहे?"

"थोडा आहे. दमला की चेंडू वर ठेवतो. आणि डावखुरा बॅटर समोर आला की घाबरतो."

"घाबरत नाही हं तो!"

"घाबरतो. तुम्हाला काय ठाऊक?"

"इदानिया, पोरी," म्हातारा एवेलिओ बाकावरून खोकला. जन्मभर बस चालवलेला माणूस, बागेतला सगळ्यात जुना भांडखोर. "तू कालपासून ज्याची चिरफाड करतेयस ना, तो तुझेच शेंगदाणे खातोय."

घोळक्यात हशा पिकला. इदानियाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. टीव्हीवर ग्वान्तानामोचे सामने असे कितीसे दाखवतात! तरी तिने ओळखायला हवं होतं.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या मिनिटापासून. पण एवढी करमणूक फुकट कोण घालवेल?"

ती राउदेलकडे वळली. "लाज नाही वाटली गप्प बसायला?"

"वाटली की," तो म्हणाला. टोपी त्याने काढून हातात घेतली होती. "पण तू... तुम्ही माझं नाव इतक्या वेळा घेत होतात. थांबवावंसं वाटेना."

इदानियाने शेंगदाण्यांची पुडी पुन्हा त्याच्यापुढे धरली.

त्यानंतर ती रोज कामावरून सरळ बागेत येई, आणि दोघं मिळून प्रादोच्या रस्त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत. कोपऱ्यावर उसाचा रस घेत. दोन ग्लास घेत, पण संपे नेहमी तिचाच आधी, आणि मग त्याच्या ग्लासातला अर्धा तिच्याकडे येई. 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही. तो हवानात मावशीकडे उतरला होता. शनिवारपर्यंत.

"निळ्यांनी घेतलं तर वसंतापर्यंत इथेच," तो म्हणाला. "कुणीच घेतलं नाही, तर गाडीत बसायचं आणि घरी. मामाच्या कॉफीच्या मळ्यात माणूस कमी आहे. पुढच्या वर्षी मला संघात कोण विचारणार?"

"मग?"

"मग काय... ग्वान्तानामो लांब आहे, इदानिया."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ग्लासाच्या काठावर बसलेल्या माशीकडे पाहिलं.

शुक्रवारी रेडिओचा निवेदक बागेत आला. दरवर्षी येई. बागेचं मत तो सगळ्या बेटाला ऐकवी, आणि संघांचे प्रशिक्षक ते कान देऊन ऐकत, असं बागेतले लोक छातीवर हात ठेवून सांगत. माईक फिरत फिरत इदानियापाशी आला. घोळका पुढे सरकला. पलीकडे झाडाला टेकून राउदेल उभा होता.

"बोल पोरी," एवेलिओने डोळा मारला. "घे आता तुझ्या राजाचं नाव!"

एक शब्द पुरला असता. बागेने मान डोलावली असती, कारण आठ वर्षांत तिने उगाच कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

"निळ्यांना डावखुरा पिचर हवा," इदानिया म्हणाली. "राउदेलला घेऊ नका. आपले आतल्या फळीतले क्षेत्ररक्षक वयस्क झालेत, खाली वाकायला वेळ लावतात. त्याचा चेंडू इथे वाया जाईल."

निवेदकाने माईक आणखी जवळ धरला.

"मग तो कुणाच्याच कामाचा नाही?" निवेदकाने विचारलं.

"आहे ना. शेजारच्या मातान्सासच्या. दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला त्यांचा शॉर्टस्टॉप मांजरासारखा आहे, जमिनीवरचं काही सोडत नाही. मी त्यांची प्रशिक्षक असते, तर पहिलं नाव राउदेलचं घेतलं असतं."

आणि बाग फुटली. "मातान्सास? आपल्या वैऱ्याला?" "घरातली तोफ शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवली पोरीने!" "हिचा निळा शर्ट काढून घ्या रे!" त्या गलक्यातून वाट काढत ती झाडापाशी पोहोचली.

"नको म्हणालीस," राउदेल म्हणाला.

"हो."

"सगळ्या बेटासमोर."

"खोटं बोलले असते, तर पहिल्याच आठवड्यात तुला इथे झोडपलं असतं. आणि मी ते स्टँडमधून बघत बसले असते. मला ते... मला ते बघवलं नसतं."

"आणि मातान्सासने रेडिओ लावलाच नसेल तर?"

"तर मी रजा काढीन आणि ग्वान्तानामोच्या गाडीत बसेन. ती कधी पोहोचते ते देवालाच ठाऊक. पण पोहोचते." ती आणखी चिडून बोलली, "मामाला सांग, मला कॉफी तोडता येत नाही. शिकवावी लागेल."

राउदेलने टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली, भुवयांपर्यंत ओढली, आणि म्हणाला, "तुला काहीही शिकवायचं म्हणजे आधी वाद घालावा लागणार."

शनिवारी निळ्यांनी डावखुरा घेतला. मातान्सासने निवडीच्या दुसऱ्या फेरीत राउदेलचं नाव पुकारलं. रेडिओ ऐकून, की स्वतःच्या अकलेने, ते कधीच कळलं नाही. एवेलिओ मात्र अजूनही शपथेवर सांगतो की रेडिओच.

तीन आठवड्यांनी मातान्सास हवानात खेळायला आलं. सातवी इनिंग, दोन बेसवर निळ्यांचे खेळाडू, एक बाद, आणि मातान्सासने राउदेलला चेंडू दिला. तिसरा चेंडू खाली बसला. बॅटरने तो जमिनीवर मारला, शॉर्टस्टॉपने झेप घातली, आणि एका चेंडूत दोघे बाद. सगळं स्टेडियम कळवळलं. निळ्यांच्या गर्दीत, निळ्या शर्टात, एक मुलगी तेवढी उभी राहून टाळ्या वाजवत होती.

"बस खाली, गद्दार!" एवेलिओ ओरडला. "आता एकदा सांगून टाक, तू कुणाची?"

"संघ निळाच, काका," इदानिया म्हणाली. मैदानावरून कुणीतरी स्टँडच्या रांगा शोधत होतं, म्हणून तिने हात उंच केला. "पण उद्या सकाळी मी मातान्सासच्या बसमध्ये असणार."