फडक्याखालचा फोटो

"नम्रताताई, लगेच या. ठमाबाईंचा फोन गेला!"

हरेशचा आवाज पार चिरकला होता. नम्रता पेण आगारात तिकिटाचं मशीन जमा करून नुकतीच बाकावर टेकली होती. पहाटे पाचपासून रोहा-पेण, पेण-रोहा. त्यात संकष्टी. पोटात दोन केळी आणि कपभर चहा, चंद्रोदयाला अजून पाच तास. पाय तिचे राहिलेच नव्हते, एसटीचेच दोन पार्ट झाले होते.

"गेला म्हणजे? पडला?"

"चोरीला! आणि सगळे माझ्याकडंच बघतायत."

नम्रताने डोळे मिटले. घड्याळात चार वाजायला पाच मिनिटं होती. पाचला पाहुणे येणार होते. ती उठली.

हे सगळं तिनंच अंगावर ओढवून घेतलेलं. पाच वर्षांपूर्वी बसच्या खिडकीतून दिसलेल्या बगळ्यांचा फोटो तिने चार कंडक्टरांना पाठवला, आणि त्यातून 'दिसलं ते टिपलं' हा ग्रुप उभा राहिला. आता त्यात दीडशे माणसं होती. कुणी शेतातला वाल टाकायचं, कुणी दारातली मांजर, कुणी थेट लडाख. निम्मे फोटो सूर्यास्ताचे. सगळ्यांना 'मस्त' म्हणून म्हणून ॲडमिनबाईंचा अंगठा दुखायला लागला होता. आज त्यातल्या साठ फोटोंचं प्रदर्शन वाचनालयाच्या हॉलमध्ये होतं. पहिल्या नंबरचा फोटो फडक्याखाली झाकून ठेवलेला. तो पाहुणे उघडणार. काय आहे तो, हे फक्त निवड करणाऱ्या दोघांना आणि ज्याचा होता त्याला ठाऊक.

नम्रता पोचली तेव्हा ठमाबाई हॉलच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. खाडीकाठच्या मिठागरात जन्म घालवलेली बाई. टेबलावर मांडायला म्हणून ती डोक्यावरून मिठाची पाटी घेऊन आली होती. पाटीखालची चुंबळ आता मांडीवर होती आणि तिची बोटं त्या कापडी कड्याला पीळ घालत होती. नातीचा जुना फोन वापरून तिने काढलेले दोन फोटो भिंतीवर होते. येणारा प्रत्येक जण तिथेच थांबत होता.

"काकी, काय झालं सांग."

"बॅटरी उतरलेली गो. हरेशच्या खोलीत चार्जिंगला लावला. प्रविन वरती फोटो लावीत व्हता, त्याला सांगत उभी राह्यले, तिरका हाय, सरल कर. परत गेले तं वायर हाय नि फोन नाय."

"तू आलीस किती वाजता?"

"दोनच्या गाडीनं. आज चवथ ना, तीनला खाडी काठोकाठ भरते. बांधावरची वाट बुडते. मंग कुटून येनार?"

"फोनला हात कुणी लावला होता आधी? आज नाही, कधीही."

"कोन लावनार? महिन्यामागं ग्रुपची मीटिंग झाली तवा रितेशदादानं साफ करून दिला. लय भरला व्हता. अर्धा घंटा लॅपटॉपला लावला, मंग हलका चालाया लागला." ती थांबली. "नमे, फोन गेला तं जाऊं दे. पन त्यात आमचे हायत."

आमचे म्हणजे रघू. तिचा नवरा. पौषात गेला. आयुष्यात त्याने स्टुडिओचं तोंड पाहिलं नव्हतं, आधारकार्डावरचा फोटो तर चोरासारखा आलेला. रघू जो काही उरला होता तो त्या फोनमध्ये. ग्रुपवर तिने त्याचा एकही फोटो टाकला नव्हता. "लोकं लाइक करतील नि खाली सरकवतील," म्हणायची.

नम्रताने हरेशला बाजूला घेतलं. वाचनालयाचा शिपाई, चार वर्षांत एक पुस्तक हरवू न दिलेला माणूस.

"तू कुठं होतास?"

"दुधाला. साडेतीनला गेलो, पावणेचारला आलो."

"खोलीला कडी?"

"पुढच्या दाराला होती. मागच्या..." त्याने मान खाली घातली. "अध्यक्ष म्हणाले, फोन मिळाला नाही तर उद्यापासून येऊ नको."

प्रविण शिडीवरच होता. पेठेत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. त्यामुळे बघ्यांचा दुसरा संशय त्याच्यावर.

"प्रविण, तू खाली उतरलास?"

"उतरू देतील काकी? पाऊण तास मला लटकवलाय! डावीकडं घे, उजवीकडं घे. माझ्या लग्नात पण एवढी फ्रेम कुणी सरळ केली नव्हती."

"व्हय," ठमाबाई म्हणाली, "हा वरतीच व्हता."

म्हणजे पाव तास, मागचं दार, आणि वायर तशीच ठेवून नुसता फोन उचलणारा माणूस. शेजारी टेबलावर हरेशचा ह्याहून नवा फोन पडलेला. त्याला हात लावलेला नव्हता. नम्रताला ते खटकलं, पण उपाशी डोकं पुढे चालेना.

तिने रितेशला फोन लावला. रोह्याजवळच्या खांब गावचा पोरगा, मोठा कॅमेरा, वीस हजार फॉलोअर.

"रितेश, हॉलमध्ये आला होतास का रे?"

"नाही ताई, मी धरमतरच्या खाडीवर. पक्षी बघतोय. ग्रुप बघा की, आत्ताच टाकलाय."

ग्रुपवर तीन चाळीसची पोस्ट होती. 'आत्ता, या क्षणी. धरमतर.' ढगाळ आभाळ, चकाकणारा चिखल, त्यात पाय उचलून चालणारे सात-आठ बगळे, मागे एक होडी चिखलात बसून एका अंगावर कललेली. खाली चौतीस जणांचं 'मस्त'. नम्रतानेही सवयीने अंगठा दिला.

ठमाबाई साडेचारच्या गाडीने परत गेली. पाटी न्यायचीही विसरली.

पाचला पाहुण्यांनी फडकं ओढलं. टाळ्या पडल्या. 'मिठाची पहाट. छायाचित्र : रितेश.' कोवळ्या उन्हात मिठाचे ढीग पेटल्यासारखे दिसत होते. मधोमध दंताळं ओढणारा पाठमोरा माणूस. डाव्या कोपऱ्यात खालून वर गेलेली एक लांबट सावली, टोकाला गोल, ढिगावर ठेवलेल्या दगडाची असावी तशी. रितेश धापा टाकत आला, बक्षीस घेतलं, सेल्फी काढले. "गेल्या रविवारी पहाटे तीन तास उभा होतो," तो म्हणाला.

नम्रताने रात्री चंद्र बघितला, दोन घास खाल्ले आणि ताटावरच पेंगली.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. झोपायचं होतं. झोप आली नाही. शेवटी रिकामी पाटी घेऊन ती ठमाबाईच्या गावाला निघाली.

फाट्यावर उतरून बांधाची वाट धरली तर अर्ध्यावर पाणी. पावलं भिजतील इतकं. पलीकडून ठमाबाई ओरडली, "थांब गो तिकडंच! चपला हातात घे! रोह्याकडची तुमी, वाल पेरता, तुमाला काय कलनार पान्यातलं!"

"किती वाजलेत काकी? चार तर वाजतायत. एवढं पाणी कधी चढलं?"

"आज पाचम. काल यापेक्षा पाऊण तास आदी भरली व्हती. रोज पाऊण तास माग सरते. चवथीला तीन-सवातीन. आमच्या पोरींना पाढ्यांच्या आदी हे पाठ."

"आणि चिखल कधी उघडा पडतो? चवथीला?"

"सकाली नवाला. नायतं मंग रातच्याला. दुपारच्याला चिखल कसा दिसंल?"

नम्रता गुडघाभर थकव्यात उभी होती, ती तिथेच ताठ झाली. तिने ग्रुप उघडला. तीन चाळीस. चिखल. चिखलात बसलेली होडी.

"काकी," ती म्हणाली, "साडी बदल. पेणला जायचंय."

सहा वाजता हॉलमध्ये पाच जण होते. ठमाबाई, हरेश, प्रविण, नम्रता आणि 'एक मोठी बातमी आहे, लॅपटॉप घेऊन ये' असं सांगून बोलावलेला रितेश. त्याला वाटलं, वर्तमानपत्रवाले आलेत. केस विंचरून आला होता.

"रितेश, कालचा बगळ्यांचा फोटो किती वाजता काढलास?"

"टाकला तेव्हाच. पावणेचार धरा."

"नक्की?"

"ताई, 'या क्षणी' लिहिलंय ना?"

"मग होडी चिखलात कशी? काल चवथ होती. पावणेचारला धरमतरची खाडी काठोकाठ असते. बगळे पोहायला शिकले का?"

प्रविण फिसकन हसला. रितेश हसला नाही.

"तो फोटो सकाळी नवाचा," नम्रता बसत म्हणाली. उभं राहायचं त्राण नव्हतं. "पेणला येताना काढलास आणि ठेवलास. आभाळ दिवसभर ढगाळ, त्यामुळे उजेडावरून वेळ कळणार नव्हती. पण खाडी दिवसभर सारखीच दिसते असं तुला वाटलं. तू खांबचा, मी रोह्याची. आपल्याला दोघांनाही पाण्याचं घड्याळ येत नाही. माझाही अंगठा पडला त्या फोटोवर."

"म्हणून मी चोर? जुना फोटो टाकला, एवढंच."

"चोराने नवा फोन सोडून जुना उचलला. म्हणजे त्याला फोन नको होता, आतलं काहीतरी नाहीसं करायचं होतं. आत काय आहे हे कुणाला माहीत? ज्याने महिन्यापूर्वी तो लॅपटॉपला लावला त्याला. आणि काल पाचच्या आत का? कारण पाचला ते फडकं निघणार होतं आणि ठमाकाकी समोर बसणार होती." ती वळली. "काकी, तो बघ. पहिला नंबर."

ठमाबाई फ्रेमपाशी गेली. मग काचेवर न टेकवता बोट पुढे केलं.

"हे आमचे. डावा खांदा पडलेला. हे दंताळं यांनीच बांधलेलं." ती वळली. "यांना जाऊन दोन महिने झाले. तू गेल्या रव्वारी कुनाला बघितलास रं?"

"मागच्या वर्षीचा असेल," रितेश पुटपुटला. "तारीख चुकली."

"आणि ही सावली?" नम्रता म्हणाली. "मी दगड समजले होते. फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी ऊन आहे, म्हणजे सावली त्याचीच. डोक्यावर गोल कडं. मिठाची पाटी उतरवून चुंबळ न काढता बाई उभी राहिली की अशीच सावली पडते. तू कॅमेरा चुंबळीवर ठेवून फोटो काढतोस का?"

खाली रस्त्यावरून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. रितेशने खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. ठमाबाईचाच.

"मला वाटलं नव्हतं इतकं होईल," तो म्हणाला. "ग्रुपवर सगळे त्यांच्याच फोटोला... मी एवढा कॅमेरा घेऊन फिरतो. त्या बसल्या बसल्या काढतात." मग आणखी हळू, "फोन फॉरमॅट केलाय. आत काही नाही."

हरेशला त्याच्या कॉलरला हात घालायचा होता. ठमाबाईने मात्र फोन उचलून घेतला, चालू केला. कोरी निळी पाटी. ती ते बघत राहिली. तिचा चेहरा बघवेना.

"लॅपटॉप उघड," नम्रता म्हणाली.

"कशाला?"

"महिन्याभरापूर्वी तू सगळं उतरवून घेतलंस. ह्या एका फोटोवर तू थांबणार नव्हतास, पुढच्या वर्षीही नंबर हवा होता. आणि चांगला फोटो पुसायला तुझा हात धजायचा नाही. माझाही नाही. उघड."

रितेशने उघडला. फोल्डरचं नाव होतं 'माझे'.

एकेक फोटो पुढे सरकू लागला. मिठाचे ढीग, खेकडा, पुन्हा मिठाचे ढीग. मग रघू. बिडी ओढणारा, कालवणात बोट बुडवणारा, 'नको काढू' म्हणत हात पुढे केलेला. प्रविण आपला पेनड्राइव्ह शोधत खिसे चाचपत होता. हरेश दिवा लावायला गेला तो दाराशीच थांबला.

एका फोटोवर ठमाबाईने रितेशचा हात धरला. बांधावर, चुंबळ उशाला घेऊन, उन्हात तोंड उघडं टाकून ती स्वतःच झोपलेली. थोडा हललेला फोटो, अर्ध्या कोपऱ्यावर कुणाचं तरी जाड बोट आलेलं.

"हा मी नाय काढला," ती म्हणाली.

प्रविणने पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"यांनी कवाच सांगितलं नाय मना," ती म्हणाली, आणि त्या आडव्या आलेल्या बोटावर तिने आपलं बोट ठेवलं.