फोनवर सगळे बरे आसत

"रक्त... तुमच्या हातांना—" एवढंच म्हणून तो फाटकाच्या बेड्यापाशीच थांबला.

"कोकम आहे," मी म्हटलं. "रक्त इतकं आंबट नसतं. चाखून बघा हवं तर."

मे महिन्यातली दुपार. घरापुढच्या खळ्यात रातांब्यांचा ढीग, मी पाटावर बसून फोडतेय, आणि कोपरापर्यंत लाल झालेय. तो घामाने भिजलेला, खांद्याला पिशवी. चेहरा मात्र लग्नाचं आमंत्रण घेऊन आल्यासारखा हसरा.

"मंगेश तोंडवळकरांचं घर हेच ना? भाई म्हणतात त्यांना?"

"हेच. मी त्यांची मुलगी, अक्षया."

"मी सुशांत. मुंबईहून आलोय, हॉस्पिटलातून. काम आहे... पण ते नंतर. आधी भाईंना बघायचंय. नुसतं बघायचंय." त्याला धीर धरवत नव्हता. "त्यांच्या कॅन्सरच्या गाठीत आम्हाला जे दिसलं ना, तसं दिसलेली माणसं बहुतेक वेळा वर्षही काढत नाहीत. आणि भाई तीन वर्षांनी बरे आहेत! इतकं चुकल्याचा इतका आनंद मला कधी—"

"ते गेले," मी म्हटलं. "दीड वर्ष होईल."

त्याचं हसू लगेच गेलं नाही. ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना.

"पण... मार्चमध्ये आम्ही फोन केला होता. एक बाई म्हणाल्या, बरे आसत. पेज जेवतत."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. भाईंचा मोबाइल आई अजून रोज चार्ज करते, हे मला माहीत होतं. तो वाजतो आणि ती तो उचलते, हे माहीत नव्हतं.

आई सरबताचा पेला घेऊन बाहेर आली. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही.

"खंयचो रे तू?"

"दोडामार्गचो."

"म्हंजे आमचोच. मगे पावण्यासारखो भायर कित्या उभो? बस."

तो बसला, सरबत प्यायला, कामाचं एक अक्षर बोलला नाही. तिथेच तो मला थोडा आवडला, असं आता वाटतं.

निघताना मी बेड्यापर्यंत गेले. "आज तुमच्या नोंदीत काही लिहू नका."

"तुम्ही सांगितलंत, मला तेवढं पुरतं."

"मला नाही पुरत. बरे आहेत असं आईने सांगितलंय. बदलायचं तर तिनेच."

मग मी त्याला विचारलं, भाईंचं तुमच्याकडे आहे तरी काय? अन्ननलिकेतून तपासणीसाठी काढलेला गाठीचा तुकडा, तो म्हणाला, मेणाच्या वडीत जपून ठेवलेला असतो. त्याचा पातळ काप काढायचा, त्यावर रंग सोडायचा. एक ठरावीक प्रथिन असेल तिथे तपकिरी दिसतं. बायोमार्कर म्हणतात त्याला. कोणात तपकिरी जास्त आणि कोण किती जगलं, हे शेकडो माणसांचं ताडून पाहायचं. जुळलं, तर पुढच्या रोग्याला पहिल्या दिवसापासून कडक औषध द्यायचं की नाही, ते ठरवायला आधार मिळतो.

"आणि मेलेला माणूस जिवंतात धरला तर?"

"तर तो रंग आहे त्याहून कमी घातक वाटतो," तो हळू म्हणाला. "आणि पुढच्या कुणाला तरी औषध कमी पडतं."

"या किनाऱ्यावरचे आणखी कितीजण बरे आहेत तुमच्याकडे?"

"बरेच."

"फोनवर?"

त्याने मान डोलावली.

"उद्या सकाळी या. रातांबे घ्यायला मला गावोगाव फिरायचंच आहे. अनोळखी माणसाला इथे कुणी काही सांगणार नाही. मला सांगतील."

पुढचे दिवस आम्ही माझ्या स्कूटरवर काढले. मी चालवायची, तो मागे, दोघांच्या मध्ये त्याची पिशवी घट्ट उभी.

"तुम्ही वळणावर ब्रेक लावत नाही का?"

"लावते की. समोर म्हैस असली तर."

"आणि मागे माणूस असला तर?"

"माणसाने धरून बसावं."

"कुठे?"

"...स्कूटरला."

आरशात तो हसताना दिसला. मी आरसा सरळ केला. मग पुन्हा होता तसा केला.

दारात मी ओळख द्यायची, तो परवानगी विचारायचा आणि आत गेला की आवाज खाली आणायचा. काही माणसं खरंच बरी होती. काहींच्या फोटोला हार होता, आणि त्याखाली बसून घरच्यांनी सांगितलं, फोनवर कोण अशुभ बोलतला? एका घरातून निघाल्यावर मी म्हटलं, "तुमच्या प्रश्नांत एक कमी आहे. भाकरी कधी सोडली, ते विचारा. आमच्याकडे माणूस पेजेवर आला तर कुणाला काही वाटत नाही. पेज सगळेच जेवतात. भाईंनी भाकरी सोडली, तेव्हा आम्हाला वाटलं, उन्हाळा आहे."

त्याने तिथेच उभं राहून ते लिहून घेतलं. माझं सांत्वन करायला काही बोलला नाही. बरं वाटलं.

देवगडजवळच्या बागेत आम्ही बाबू नावाच्या म्हाताऱ्याला शोधत गेलो. त्याची बायको हौसाबाई कमरेवर हात ठेवून झाडाखाली उभी होती.

"आसत ना बरे?" मी भीत विचारलं.

"बरे? हो बघ वर! डॉक्टरान सांगल्यान, जपान ऱ्हंव. हो माकडासारखो झाडार!"

"कोण इला गो?" पानांतून आवाज आला.

"मुंबयचे! तू जिवंत आसस काय बघूक!"

"सांग, आसंय म्हणान! आंबे काढून होईसर खाली येवचंय नाय!"

सुशांत वर बघत राहिला. त्या म्हाताऱ्याच्या गाठीतही तपकिरी भरपूर होतं, मला त्याने नंतर सांगितलं. जसा माणूस बघायला तो मुंबईहून निघाला होता, तसा त्याला सापडला होता. मीही हसले, हौसाबाईने दिलेले आंबे घेतले. स्कूटरपाशी आले, आणि किल्ली काही लागेना.

"ह्यो कित्याक?" माझ्या तोंडून आलं. इतके दिवस मी त्याच्याशी पुस्तकी बोलत होते. "माझो बापूस कित्याक नाय? सांग माका."

"म्हायत नाय," तो म्हणाला. "खरांच म्हायत नाय. रंग शंभरांचा सांगता, एकाचा नाय." मग थांबून, "रड तू. स्कूटर मी चालवतंय."

"येता तुका?"

"...नाय."

मी रडता रडता हसले. एका हाताने डोळे पुसत होते आणि दुसरा हात त्याच्या हातात होता. तो कधी गेला, ते आठवत नाही.

परतताना मध्ये पिशवी नव्हती. माझ्या कानाशी तो म्हणाला, "भाई वर्षभरापेक्षा जास्त जगले. तो रंग असूनही. पुढचा कोकमाचा मोसम त्यांनी पाहिला असणार."

पाहिला होता. गिळता काही येत नव्हतं, तरी खळ्यात खुर्ची टाकून बसायचे. कोकमाच्या खारट रसाचं, आगळाचं बोट जिभेला लावायचे आणि सांगायचे, मीठ कमी आसा गो.

सुशांतच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी मी आईसमोर बसले. तो बाहेर पडवीत थांबला होता.

"आई, तेका सांग."

"तूच सांग."

"माका सांगूचा नाय. तुका सांगूचा आसा."

"लिवन घेतल्यान काय ते पुन्ना मरतले," ती म्हणाली. तिचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता. "फोन येता, कोणतरी इचारता, भाई कसे आसत? आता कोण इचारता ह्या? तू तरी इचारतंस?"

मी विचारत नव्हते. पण मी उठले नाही.

"आई, ते एक मोसम जास्त जगले. डॉक्टरांच्या हिशेबाच्या वर. ते फुकट जगले नाहीत. पण आज नोंदीत त्यांचं नाव जिवंतात आहे, म्हणजे तो मोसम कुठेच नाही. तू सांगितलंस तर ते जगले तेवढे जगले. ता कोण पुसूचा नाय."

ती बराच वेळ सुपातले तांदूळ इकडून तिकडे करत राहिली. मग पदराला हात पुसून पडवीत गेली.

"लिव रे झिला. माझे घोव मार्गशीर्षात गेले. पाटे. माझ्या हातार." श्वास घेऊन ती पुढे म्हणाली, "आणि भाकरी तेंनी त्याच्या आदल्या वर्साच्या शिमग्यात सोडल्यानी. माका तेवाच इचारूक होया होता. ताय लिव."

सुशांतने लिहिलं. मग पेन ठेवलं आणि वाकून तिच्या पाया पडला.

"आता मेल्या, फोन करशीत तो माझी खबर घेवक कर," आई म्हणाली आणि डोळे टिपत आत गेली.

मी त्याला एसटीच्या थांब्यावर सोडायला गेले. ढग आले होते, वाऱ्याला ओला वास होता. थांब्यावर आठ-दहा माणसं. तो काहीतरी बोलणार होता, पुन्हा पुन्हा पिशवीचा पट्टा नीट करत होता. गाडी आली तरी पट्टाच नीट होत होता.

"ऐक," मी म्हटलं. "आमच्या घरात बोलायचं ते राहून जातं. दीड वर्ष राहिलं. आज एक बोलून झालं, दुसरं मी ठेवणार नाही. माका तू आवडतंस. लगीन करशीत?"

थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. टोपली घेतलेली एक कोळीण म्हणाली, "अगे बाय माझे!"

तो लाल झाला, कानापर्यंत. तो बोलणार तोच कंडक्टरने घाई केली आणि गर्दीने त्याला आत घेतलं. मी हलले नाही. उत्तर ऐकल्याशिवाय घरी जायचं नव्हतं, एसटीच्या मागे मालवणपर्यंत स्कूटर पळवावी लागली तरी.

खिडकीतून कंडक्टरचा आवाज आला, "कुडाळ ना? मुंबयची गाडी थय गावतली."

"नको. सावंतवाडी द्या. थयसून दोडामार्गाक जातंय."

"अरे, मगे मुंबय?"

"मुंबय फाल्या, आज नाय," सुशांत म्हणाला. तो कंडक्टरशी बोलत होता आणि माझ्याकडे बघत होता. "पयली माझ्या आयेक सांगूचा आसा."