शेवटच्या दिवसाचा भाव

"उद्या सही केली, की बाबांची अर्धी कंपनी काकांच्या घशात," पुतणी गुप्तहेर बाईंना म्हणाली. "तीही निम्म्या किमतीत."

दोघा भावांचा करारच होता: एक गेला की दुसऱ्यानं त्याचा वाटा वर्षअखेरच्या वाजवी किमतीला घ्यायचा. कंपनीची मालमत्ता म्हणजे पूल बांधायला काढलेले कपाटभर कर्जरोखे. ते क्वचितच विकले जात. नेमका वर्षाच्या शेवटच्या दिवशी भाव निम्म्यावर आला होता.

बाई उठल्या. मागोमाग त्यांचे यजमान, निवृत्त दंतवैद्य. जन्मभर इतरांना आ करायला लावलेले डॉक्टर हल्ली स्वतःच आ वासून ऐकत.

"मी अंदाजपंचे किंमत लावत नाही," हिशेबनीस म्हणाला. "बाजारात सौदा झाला, की तोच भाव धरायचा. त्या दिवशी एक झाला."

"काकांच्या मेहुण्यानं रोखा विकला," सौदा करणाऱ्या दलालानं सांगितलं. "पिशवीत गठ्ठा होता, विकला एकच. मी म्हणालो, भाव फार कमी मिळेल. म्हणाला, चालेल, पण नोंद आजच होईल ना?"

काकांनी आग्रहानं चहा पाजला. "मेहुण्याला पैशांची निकड होती हो. गरजेपोटी विकला बिचाऱ्यानं."

"मला काही काळंबेरं दिसत नाही," जिना उतरताना डॉक्टर म्हणाले.

"अहो, मग किडके दात कसे ओळखायचात?"

सकाळी सगळे कंपनीत जमले. बाईंनी सरळ सुरुवात केली.

"निकड असती तर मेहुण्यानं गठ्ठा विकला असता. त्याला पैसे नको होते, फक्त त्या तारखेचा सौदा हवा होता. एका रोख्यात तोटा सोसला आणि कपाटातल्या सगळ्यांचा भाव पाडला. वाजवी किंमत म्हणजे कसलीही घाई नसताना परकी माणसं राजीखुशीनं देतील-घेतील ती. हिशेबनीस, तुम्ही सौदा पाहिलात. तो कसा झाला, हे विचारलं नाहीत."

हिशेबनीसानं मान खाली घातली. डॉक्टर थक्क झाले. एका कागदानं अख्खी कंपनी अर्धी केली होती, आणि कुलपाला कुणी हातही लावला नव्हता. असली अक्कल पाहून त्यांच्या अंगावर काटा आला.

काका हसले. "तुमची आपली कल्पना. भाव बाजाराचा आहे आणि वाजवी आहे."

"मग प्रश्नच मिटला," बाई म्हणाल्या. "याच भावानं तुमचा वाटा हिला विका. बँकेनं तेवढं कर्ज कबूल केलंय."

"इतक्या स्वस्तात?" काकांच्या तोंडून निघून गेलं.

हिशेबनीसानं करारपत्र हळूच मागे ओढलं आणि किंमत खोडली.

पुतणीनं पेनाला टोपण लावलं. "नाही ना परवडत, काका?" ती म्हणाली. "मलाही नाही."