दुसरी नळी

दत्तानं पिशवीतून सनईच्या तोंडाशी बसवायची ताडपानाची पाती, जिव्हाळी, काढली, भिजायला तोंडात धरली अन् पुतणीच्या टेबलाकडं बघत बसला. सनईवाला माणूस, सातवी नापास, आला होता पार जर्मनीत, एश्बॉर्नला. का, तर स्वानंदी इथं जुन्या ग्रीक लोकांच्या संगीतावर पीएचडी करते.

टेबलावर तिनं ग्रीकांच्या नमुन्यावर बनवून घेतलेली जोडनळी. दोन नळ्या, एकाच तोंडात धरायच्या.

"हाडाच्या नळ्या सापडल्यात काका, भोकं मोजता येतात. मडक्यांवर वाजवणारे रंगवलेत. दगडावर स्वर कोरलेत. आल्झो, म्हणजे बघा, सगळं आहे. जिव्हाळ्या तेवढ्या कुजून गेल्या. एकही नाही."

"म्हणजे आवाज कसा होता तेच ठाऊक नाही! मग कसली गं तुझी पीएचडी?"

ती हसली. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. दुसरी जिव्हाळी कुठंय?"

"एकच आणलीय. सूर धरणारा गेला. दुसरी कुणासाठी आणू?"

सूर धरणारा म्हणजे श्रीरंग. हिचा बाप, दत्ताचा धाकटा भाऊ. तीस वर्षं दत्ता गाणं वाजवायचा अन् हा शेजारी बसून, गालात लवंग ठेवून, एकच सूर धरायचा, दम न तोडता. शेवटच्या लग्नात दत्ता कशावरून तरी भडकला, अर्ध्यातनं उठून गेला. श्रीरंग मांडवात एकटाच सूर धरून बसला, दादा येईल म्हणून. दादा आला नाही. महिन्याभरात श्रीरंग गेला. तेव्हापासून दत्तानं सनईला हात लावला नव्हता. एकदा, फक्त एकदा तो सूर शेजारी यावा, बाकी त्याला काही नको होतं.

तीन वाजले. दुपारची रूहेत्साइट, म्हणजे अख्ख्या इमारतीनं गप्प बसायची वेळ, संपली. दत्तानं एका नळीला जिव्हाळी बसवली. दुसरी नळी सोडवून टेबलावरच ठेवली. फुंकर मारली.

काय सांगायचं, पहिल्याच आलापाला शेजारनं खालचा सूर लागला.

संथ. जाडसर. किंचित उतरलेला, श्रीरंगचा असायचा तसा.

स्वानंदीनं लिहिता लिहिता मान वर केली.

दत्ता वाजवत राहिला. डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरलं. शेवटी दम संपला, त्यानं नळी काढली.

सूर चालूच होता.

"काका," ती हळूच म्हणाली, "बाबा थांबलेत तुमच्यासाठी."

दत्ता उठला नाही. नळी परत ओठांना लावली.

स्वानंदीनं टेबलावरच्या नळीच्या टोकाशी तळहात नेला. ऊब लागली. हात ओलसर झाला.

त्याला चघळलेल्या लवंगेचा वास होता.