पडदा वाजलाच नाही

हे खोटं वाटणार असेल तर वाचू नका. कुणाला पटवून द्यायला मी बसलेली नाही. शाळा माझी चौथीतच सुटली, पण डोळे शाबूत आहेत. जे दिसलं तेच लिहितेय.

आमची लॉन्ड्री आहे. समोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर टँगोचा हॉल. टँगो म्हणजे बाई आणि बुवा मिठी मारून नाचतात तो नाच. माझी धाकटी लेक तिथे जायला लागली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं.

मग तिथले मास्तर स्वतः दुकानात आले. इस्त्रीला शर्ट टाकायचं निमित्त.

"आई, तुमच्या लेकीला मी खुर्चीवरून नेतो आणि परत खुर्चीवर आणून सोडतो. मधे कुठे हरवू देत नाही."

माणूस सज्जन. कॉलरसुद्धा कधी मळकी नसायची. मी गप्प बसले. मला गप्प बसलेलं आमच्या घरात त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

त्या नाचाचे नियम धाकटीनेच सांगितले. तोंडाने विचारायचं नाही. बुवाने लांबून बघायचं, बाईने मान हलवली की ठरलं. मग लागोपाठची गाणी त्याच्याचबरोबर. मधेच सोडून जाणं म्हणजे अपमान. शेवटी एक वेगळीच छोटी धून वाजते, तिला ते पडदा म्हणतात. पडदा वाजला की मिठी सुटते, आणि बुवा बाईला तिच्या खुर्चीपर्यंत सोडायला येतो.

पडदा वाजला की... हे लक्षात ठेवा.

मास्तर झोपेतच गेले. पुढच्या रविवारी संध्याकाळी, चांगला उजेड असताना, सगळे हॉलमध्ये जमले. मीही गेले. दातांचा डॉक्टर होता, बस चालवणारी बाई होती, एरवी एकमेकांची तोंडं न बघणारे नवराबायको होते. सगळे लहान पोरांसारखे रडत होते.

भिंतीशी मास्तरांची खुर्ची. पाठीवर त्यांचा कोट. खाली पॉलिश केलेले बूट.

ठरलं असं, की त्यांचं आवडतं एक गाणं लावायचं आणि तेवढा वेळ फरशी मोकळी ठेवायची. कुणीच नाचायचं नाही.

गाणं सुरू झालं.

धाकटीने खुर्चीकडे बघितलं... आणि मान हलवली.

मला वाटलं, नमस्कार करत असेल.

ती मोकळ्या फरशीवर गेली. डोळे मिटले. कुणाच्या हातात द्यावा तसा हात वर धरला... आणि उलट्या पावलांनी चालायला लागली.

लोकांना वाटलं, श्रद्धांजली. बसवाल्या बाईला हुंदका आवरेना.

मी तिच्या पाठीकडे बघत होते. ड्रेसला सकाळी मीच इस्त्री केली होती. कडक.

पाठीवरचं कापड दबत होतं...

पाच बोटं.

गाणं संपलं. गाणी लावणारा रडत होता. त्याला सगळे टकल्या म्हणतात. मास्तरांच्या गाण्यावर पडदा कसा टाकू, म्हणून त्याने यंत्रच बंद केलं.

लोक डोळे पुसायला लागले.

धाकटीचा हात वरच.

ओढत घरी आणली तिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच. उठायची, डोळे मिटायची, बोळकांडीत उलटी चालायची. ती अनवाणी... आवाज मात्र चामडी तळाच्या बुटांचा.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, चालणं संपलं नाही. पोरगी वाळत चालली. एकदा मी तिला दोन्ही दंडांना धरून विचारलं, हे काय चाललंय.

"सोडता येत नाही गं आई. पडदा वाजला नाही ना."

मी तशीच टकल्याकडे गेले. त्याचे केस असते तर त्या दिवशी गळले असते, इतकं बोलले. बिचारा निमूट हॉल उघडायला आला.

तेच गाणं लावलं. ती फिरली. शेवटी पडदा वाजला...

हात खाली आला.

डोळे उघडले. कुणाच्या तरी दंडाला धरल्यासारखी ती आपल्या खुर्चीपर्यंत आली. बसली. पाणी मागितलं. हसली माझ्याकडे बघून.

"सुटली, काकू," टकल्या म्हणाला.

पण पडद्यानंतर पुढचं गाणं लागतं. यंत्राला तेवढंच माहीत. टकल्या बंद करायला धावला, तोवर ते सुरू झालं होतं.

धाकटीची नजर मास्तरांच्या खुर्चीकडे वळली.

मी मधे उभी राहिले. तिला सांगितलं, तिकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. आणि माझ्या पाठीला ऊब लागली... नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टाची असते तशी.

"नाही म्हण," मी म्हटलं.

"मास्तरांना मी कधी नाही म्हटलं नाही, आई."

आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत तिने मान हलवली.

सासूला, दिरांना, घरमालकाला, सगळ्यांना मी माझ्या तोंडाने गार केलंय. तिथे माझं तोंड चालत नाही. विचारलेलं तिला असतं. उत्तर तिचं असतं.

आता टकल्या रोज पडदा वाजवतो. मास्तर शब्दाचे पक्के. रोज तिला खुर्चीवर आणून सोडतात. ती पाणी पिते, मला म्हणते, आई, दमलीस का गं. तेवढा वेळ ती माझी असते.

मग बोलता बोलता थांबते... आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागते.